टेकाडाच्या पोटातली अक्षरं

(स्मृती व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा लिखित मजकूर)



डिसेंबरचा तिसरा आठवडा, दुपारचे तीन-सव्वातीन. स्कॉटलंडच्या उत्तर टोकापलीकडे, खवळलेल्या सामुद्रधुनीच्या पल्याड ऑर्कनी नावाचा द्वीपसमूह आहे. वर्षातल्या या सर्वांत लहान दिवसांत तिथे सूर्य जेमतेम सहा तास दिसतो. हॉय बेटावरच्या डोंगराकडे तो कलू लागला की एका गवताळ टेकाडाच्या पोटात उजेडाचा पट्टा शिरतो. दहा-अकरा मीटर लांबीच्या बुटक्या दगडी बोळातून सरकत तो आतल्या काळोख्या दालनात पोचतो आणि समोरच्या भिंतीवर टेकतो. भिंत थोडा वेळ पिवळीधमक होते, मग पुन्हा विझते. कोल्हापूरला अंबाबाईचा किरणोत्सव ज्यांनी पाहिला असेल त्यांना त्या क्षणाची कल्पना येईल. फरक एवढाच की ऑर्कनीतलं ते दालन जिवंत भक्तांसाठी बांधलेलं नव्हतं. ते मेलेल्यांचं घर होतं.

या टेकाडाचं नाव मेसहाऊ. इसवी सनपूर्व २८०० च्या सुमाराचं, म्हणजे गिझाच्या मोठ्या पिरॅमिडहूनही दोन-अडीच शतकं जुनं. आजचं व्याख्यान त्याच्या भव्यतेविषयी आहेच, पण त्याहून अधिक त्याच्या नोंदीविषयी आहे. कुणी फूटपट्टी लावली, कुणी अक्षरं उतरवून घेतली, कुणी घाईत काय फेकून दिलं आणि त्याचा हिशोब पुढच्या दीडशे वर्षांत कसा चुकता होत राहिला, त्याची ही गोष्ट आहे. गावोगावच्या वीरगळांसमोर बसून, ओला कागद ब्रशनं ठोकत शिलालेखांचे ठसे घेणारी माणसं महाराष्ट्रानं पाहिली आहेत. ही त्यांच्याच जातकुळीतल्या माणसांची हकीकत आहे.

ऑर्कनीत बेटं सत्तरच्या आसपास, त्यांतली वीसेक वस्तीची, आणि सगळी मिळून लोकसंख्या बावीस हजारांच्या घरात. सर्वांत मोठ्या बेटालाच ‘मेनलँड’ म्हणतात. मुलूख शेतकऱ्यांचा आहे. हिरवी कुरणं, धष्टपुष्ट गुरं, बार्लीची शेतं आणि समुद्रावरून अखंड वाहणारा वारा. त्या वाऱ्यामुळे झाडं नावापुरती. मग पाच हजार वर्षांपूर्वीच्या माणसांनी बांधायचं कशानं? दगडानं. इथला वालुकाश्म थराथरांनी सुटतो. आपल्याकडे शहाबादी फरशी जशी सपाट निघते, तशा लाद्या इथे समुद्रकाठी आपसूक मोकळ्या होतात. धातूचं अवजार हाती नसतानाही या लोकांनी घरं, कपाटं, पलंग आणि थडगी अशी सगळी दगडात रचली.

मेसहाऊ त्या रचनेचा कळस आहे. टेकाडाचा व्यास सुमारे पस्तीस मीटर, उंची सात. भोवती खंदक. बोळाच्या बाजूला लांबच लांब अखंड शिळा, आणि त्यांतल्या मोठ्यांचं वजन तीस टनांपर्यंत असावं असा अंदाज आहे. बोळातून वाकून गेलं की जेमतेम साडेचार मीटर लांबी-रुंदीचं चौकोनी दालन लागतं. त्याच्या तीन भिंतींत खिडकीएवढ्या तोंडाच्या तीन खोल्या आहेत. भिंतीचा प्रत्येक थर खालच्या थरापेक्षा किंचित पुढे सरकवलेला. असे थर वर चढत एकमेकांना भेटायला जातात आणि त्यांचंच छत होतं. चुना नाही, माती नाही. सांधे इतके घट्ट की कितीतरी ठिकाणी सुरीचं पातंही सहज आत जात नाही.

गावकऱ्यांना या टेकाडाची भीती होती. ‘हाऊ’ हा शब्दच मुळी जुन्या नॉर्स भाषेतून आलेला. अर्थ टेकाड. अशा टेकाडात राहणाऱ्या अदृश्य रहिवाशाला तिथले लोक ‘हॉगबून’ म्हणत. तो शेताचं, गोठ्याचं रक्षण करतो, पण त्याला डिवचलं तर त्रास देतो, अशी समजूत. म्हणून टेकाडावर दूध किंवा घरी केलेली बिअर ओतायची पद्धत होती. कोकणातल्या माणसाला हा प्रकार समजावून सांगायला नको. त्याच्या गावच्या सीमेवर राखणदार बसलेला असतोच.

जुलै १८६१ मध्ये या राखणदाराची झोपमोड झाली. जेम्स फॅरर हे इंग्लंडच्या दक्षिण डरहॅमचे खासदार. पुराणवस्तूंचा त्यांना नाद होता, आणि ऑर्कनीत त्यांनी त्याआधीही अनेक टेकाडं उकरली होती. मजूर लावून त्यांनी बोळाचा शोध घेतला, पण पुढे जाता येईना, तेव्हा टेकाडाच्या माथ्यावरून थेट खाली खणायला सुरुवात झाली. वरचं छत पूर्वीच कधीतरी कोसळलं होतं आणि दालन दगडमातीनं गच्च भरलेलं होतं. तो सगळा भराव उपसून बाहेर टाकला गेला. हाती लागलं काय? माणसाच्या कवटीचा एक तुकडा आणि घोड्याची काही हाडं, दात. बस्स.

इथे क्षणभर थांबायला हवं. तो भराव म्हणजे कचरा नव्हता. कोसळलेल्या छताचे दगड वर होते की खाली? त्यांच्या आधी तळाशी मातीचा थर साचला होता का? घोड्याची हाडं जमिनीवर पडली होती की भरावाच्या मधोमध? या प्रश्नांची उत्तरं त्या ढिगात, त्या थरांच्या क्रमात होती. काही दिवसांत तो क्रम पुसला गेला, आणि एकदा उपसलेला थर पुन्हा लावून बघता येत नाही. उत्खनन हा असा प्रयोग आहे की जो दुसऱ्यांदा करता येत नाही. पुस्तक वाचत वाचत पान फाडून फेकत जावं, तसा. त्या काळी थर वाचायची शिस्त नुकती कुठे रुजत होती, तेव्हा फॅररवर आजचा कायदा लावणं न्याय्य नाही. नुकसान मात्र झालं ते झालंच.

सुदैवानं त्या खणतीच्या वेळी जॉर्ज पेट्री हजर होते. पेट्री कर्कवॉलच्या शेरीफ कोर्टात कारकुनी करणारे गृहस्थ. कज्जे, दस्त आणि तारखा यांच्यात दिवस जायचा, आणि उरलेला वेळ बेटांवरच्या पडक्या वास्तू मोजण्यात. त्यांच्या टिपणवह्यांत आराखडे आहेत, आडवे-उभे छेद आहेत, आकडे आहेत. स्कारा ब्रे या समुद्रकाठच्या नवाश्मयुगीन वस्तीचं पहिलं नीट वर्णन लिहिलं तेही पेट्रींनीच. मेसहाऊच्या दालनाची, बोळाची, तिन्ही खोल्यांची मापं त्यांनी घेतली. कोर्टातल्या कारकुनाला कागदाची किंमत ठाऊक असते. उद्या कुणीतरी येऊन विचारणार की ‘पुरावा कुठाय?’, ही सवय त्यांच्या हाडीमांसी मुरलेली होती.

मग भिंती धुवून काढल्यावर नवल उघडकीला आलं. दगडांवर अक्षरं होती.

ही अक्षरं थडगं बांधणाऱ्यांची नव्हेत. त्यांच्याकडे लिपीच नव्हती. ही रूनलिपी, म्हणजे नॉर्वे-आइसलंडच्या दर्यावर्दी लोकांची, आणि काळ बाराव्या शतकाचा. टेकाड तेव्हाच चार हजार वर्षांचं झालेलं. छोटेमोठे मिळून तीसेक लेख. स्कँडिनेव्हियाबाहेर एकाच ठिकाणी इतके रून-लेख असणं ही दुर्मीळ गोष्ट आहे. शिवाय एक चपळ सिंहासारखा, मागे वळून पाहणारा प्राणी, एक वॉलरस आणि एक गाठीगाठींचा साप कोरलेला.

लेखांत आहे काय? राजांच्या विजयगाथा नाहीत, दानपत्रं नाहीत. एका लेखात म्हटलं आहे की जेरुसलेमच्या वारीला निघालेल्यांनी हे टेकाड फोडलं, आणि त्याखाली कोरणारीचं नाव आहे : ह्लीफ, जार्लच्या, म्हणजे बेटांवर सत्ता चालवणाऱ्या सरदाराच्या, मुदपाकखान्याची कारभारीण. म्हणजे बाराव्या शतकात एक बाई हातात टोकदार हत्यार घेऊन इथे उभी होती. एकजण इंगीगेर्थ नावाच्या स्त्रीच्या सौंदर्याची तारीफ करतो. दुसरा एका सुंदर विधवेचं नाव घेऊन म्हणतो की पुष्कळ गर्विष्ठ बाया इथे वाकून आत आल्या आहेत. कुणी पुरलेल्या खजिन्याच्या वावड्या उठवतो. एक बढाईखोर सांगतो की पश्चिम समुद्रावर रूनविद्येत आपल्यासारखा दुसरा नाही, आणि आपण कोरायला वापरलेली कुऱ्हाड एकेकाळी आइसलंडच्या दक्षिणेतल्या गाउकची होती. हा गाउक आइसलंडच्या जुन्या सागांत, म्हणजे गद्य वीरकथांतही डोकावतो.

सागांत हे टेकाडही आहे. ऑर्कनीच्या जार्लांचा इतिहास सांगणाऱ्या सागेत एक प्रसंग येतो. जार्ल हॅराल्ड आणि त्याची माणसं हिमवादळात सापडली आणि या टेकाडात आसऱ्याला थांबली. तिथे दोघांना वेड लागलं आणि त्यामुळे प्रवास रखडला. हॉगबूनची भीती तेव्हाही होती म्हणायची!

वेरूळ-अजिंठ्याला जाऊन आलेल्या मराठी वाचकाला या लिखाणाचं नातं लगेच कळेल. अजिंठ्याच्या दहाव्या लेण्यात एका खांबावर जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं २८ एप्रिल १८१९ या तारखेसह स्वतःचं नाव खरवडून ठेवलं आहे. आज तसं कुणी केलं तर गुन्हा दाखल होईल, आणि व्हायलाच हवा. पण त्या ओरखड्यानंच त्या लेण्यांच्या आधुनिक इतिहासाची पहिली तारीख दिली आहे. मेसहाऊच्या भिंतींवरही असंच झालं. टवाळखोरीला आठशे वर्षं लोटली आणि तिचा दस्तऐवज झाला.

आता नोंद कशी झाली ते पाहू. फॅररना अक्षरांचं महत्त्व लगेच कळलं. लेखांच्या नकला उतरवून घेतल्या गेल्या, ठसे-साचे झाले आणि त्या प्रती तीन नामवंत विद्वानांकडे रवाना झाल्या : कोपनहेगनला स्टीफन्स आणि राफ्न यांच्याकडे, नॉर्वेत मुंक यांच्याकडे. १८६२ मध्ये फॅररनी पुस्तक छापलं. त्यात लेखांची शिळाछाप चित्रं होती आणि तिघांची वाचनं शेजारीशेजारी दिलेली होती. ती जागोजाग जुळत नव्हती. एकाच ओळीचे तीन अर्थ. फॅररनी त्यांतला एक निवडून बाकीचे गाडून टाकले नाहीत, ही त्यांची थोर कामगिरी. ज्या माणसाकडून भराव उपसताना चूक झाली, त्याच माणसानं अक्षरांच्या बाबतीत पुढच्यांसाठी दार उघडं ठेवलं.

वाचनं जुळत नव्हती याचं कारण अगदी जवळून पाहिल्याशिवाय कळणार नाही. रूनलिपीत अक्षरं बहुतेक सरळ रेघांची. एक उभी काठी आणि तिला जोडलेल्या तिरप्या रेघा. त्या काळात अक्षरं होती फक्त सोळा, आणि ती तीन गटांत विभागलेली. याचा फायदा घेऊन मेसहाऊतल्या काही लेखकांनी कोडी घातली आहेत. त्यांनी अक्षराऐवजी एक झाड कोरलं. उभा बुंधा, एका बाजूला काही फांद्या, दुसऱ्या बाजूला काही. एका बाजूच्या फांद्या मोजल्या की गट कळतो, दुसऱ्या बाजूच्या मोजल्या की त्या गटातला क्रमांक. दोन आणि चार, म्हणजे दुसऱ्या गटातलं चौथं अक्षर. महानुभावांनी आपले ग्रंथ सकळी, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत बांधून ठेवले, त्याचीच ही दूरची भावंडं म्हणता येतील. मात्र महानुभावांना ग्रंथ जपायचे होते, आणि इथे हुशारी मिरवायची होती.

समजा, अशा झाडाची एक फांदी नैसर्गिक भेगेत हरवली. किंवा दगडाची भेगच नकलाकाराला फांदी वाटली. चारचे पाच झाले आणि अक्षर बदललं, शब्द बदलला. म्हणून रून वाचणारा माणूस समोरून उजेड टाकत नाही. तो दिवा भिंतीला जवळजवळ चिकटवून एका कडेनं धरतो. तिरप्या उजेडात कोरलेल्या खाचेची एक कड चमकते आणि दुसरी काळी पडते. भेगेची तशी पडत नाही, तिची किनार वेडीवाकडी असते. दिवा दुसऱ्या बाजूला न्यायचा, पुन्हा पाहायचं, बोटाच्या पेरानं खाच चाचपायची आणि मग कागदावर रेघ ओढायची. एका ओळीसाठी अख्खी दुपार जाते. रूनलिपीचे अभ्यासक मायकेल बार्न्स यांनी असाच एकेक दगड पारखून सगळ्या लेखांची चिकित्सक आवृत्ती १८६१ नंतर तब्बल १३३ वर्षांनी, म्हणजे १९९४ मध्ये प्रसिद्ध केली. एखाद्या रेघेबद्दल खात्री नसेल तर ती संदिग्ध आहे असं स्पष्ट लिहिण्याची शिस्त अशा आवृत्तीचा कणा असते.

जागेची नोंदही अक्षराइतकीच बोलकी असते. एका लेखात थोल्फिर नावाचा गडी सांगतो की हे रून त्यानं उंचावर कोरले. ते खरोखरच उंचावर आहेत. मग तो उभा कशावर होता? सोबत्याच्या खांद्यावर, की कोसळलेल्या दगडांच्या ढिगावर? तेव्हा दालन किती भरलेलं होतं? अक्षर भिंतीवर शिल्लक आहे, त्याची उंची मोजता येते. पण ज्या ढिगाशी ती उंची ताडून पाहायची, तो १८६१ च्या जुलैत बाहेर गेला. नोंद झालेली वस्तू आणि नोंद न झालेली वस्तू एकाच खोलीत समोरासमोर आल्याचं याहून ठसठशीत उदाहरण सापडणं कठीण.

पुढच्या पिढ्यांनी उरल्यासुरल्याकडे वळून पाहिलं. १९१० मध्ये स्मारक सरकारी देखभालीत आलं आणि उघड्या माथ्यावर नवं छत चढलं. १९५४-५५ मध्ये पुरातत्त्वज्ञ गॉर्डन चाइल्ड यांनी टेकाडातच छेद घेऊन त्याची बांधणी तपासली. १९७० च्या दशकात कॉलिन रेनफ्र्यू यांनी आणखी शहाणी जागा निवडली. दालन रिकामं झालेलं, पण भोवतीच्या खंदकाला कुणी हात लावला नव्हता. खंदकात शतकानुशतकं कुजलेल्या वनस्पतींचा थर साचत गेला होता. त्याच्या तळाशी असलेल्या थराचं कार्बन-१४ पद्धतीनं वय काढलं, म्हणजे खंदक त्याआधीचा हे ठरलं. फॅररच्या काळात ही पद्धत कुणाच्या स्वप्नातही नव्हती, ती आली १९४९ च्या सुमारास. आज ज्या मातीत काही अर्थ दिसत नाही, तिच्यातून उद्या काय वाचता येईल हे खणणाऱ्याला कधीच ठाऊक नसतं. म्हणून थोडी जागा न खणता ठेवायची आणि खणलेल्या जागेचं सगळं लिहून ठेवायचं, ही रीत पडली.

लिहून ठेवण्याचा आणि जपून ठेवण्याचा फायदा दक्षिणेकडच्या साउथ रोनाल्डसे बेटावर दिसला. १९५८ मध्ये रोनाल्ड सिमिसन नावाचे शेतकरी कड्याजवळच्या आपल्या शेतात दगड शोधत होते. त्यांना घासून गुळगुळीत केलेली दगडी हत्यारं सापडली, मग एक काळं भोक. आत वाकून त्यांनी सिगारेटचा लायटर पेटवला, तेव्हा समोर तीसेक कवट्या रांगेनं त्यांच्याकडे बघत होत्या. हेच इस्बिस्टरचं थडगं. अधिकृत खणती लांबली, तेव्हा १९७६ मध्ये सिमिसननी स्वतःच, अभ्यासकांच्या सल्ल्यानं काम हाती घेतलं. सुमारे सोळा हजार मानवी हाडं निघाली आणि त्यांच्यात समुद्री गरुडांची हाडं. मृतांच्या सोबतीला गरुड ठेवणारी जमात, असं चित्र जगभर गाजलं आणि थडग्याला ‘गरुडांचं थडगं’ हे नाव चिकटलं.

पण हाडं जतन केलेली होती, त्यामुळे गोष्ट तिथे संपली नाही. पुढे त्या गरुडांच्या हाडांचं वय काढलं, तर ते थडगं बांधल्यानंतर कित्येक शतकांनी आत आल्याचं निघालं. सुरुवातीला तीनशेहून अधिक माणसांची हाडं आहेत असा हिशोब मांडला गेला होता, तोही फेरतपासणीत बराच खाली आला. कुणाची लबाडी नव्हती. हाडं पेट्यांत राहिली, चिठ्ठ्या जागेवर राहिल्या, म्हणून दुरुस्ती करता आली. मेसहाऊच्या घोड्याच्या हाडांच्या वाट्याला हे भाग्य आलं नाही.

ऑर्कनीतल्याच रूझे बेटावर १८९८ मध्ये आणखी एक गंमत घडली. १८५७ मध्ये लखनौला लढलेले जनरल बरोज तिथले जमीनदार. बंगल्याजवळच्या टेकाडावर बसून समुद्र बघावा म्हणून त्यांनी बाक बांधायला घेतला, आणि पायाखाली थडगं निघालं. एकावर एक दोन मजल्यांचं! असं थडगं क्वचितच बांधलेलं आढळतं. त्याच बेटावर १९३० च्या दशकात मिडहाऊचं तेवीस मीटर लांब दालन उकललं. त्यात पंचवीस माणसांचे अवशेष होते, आणि आता त्यावर विमानघरासारखं प्रचंड छप्पर उभं आहे. याच किनाऱ्यावर स्वॅन्ड्रो इथे समुद्र दर हिवाळ्यात जुन्या वस्तीचे आणि थडग्याचे दगड ओढून नेतो आहे. तिथली खणती म्हणजे लाटांशी शर्यत. भरती आली की काम थांबतं, ओहोटी लागली की पुन्हा सुरू.

या कामाची मूळ हत्यारं साधीच आहेत. एक मीटरची चौरस चौकट, तिच्यात वीस-वीस सेंटिमीटरवर ताणलेल्या दोऱ्या. ती दगडांवर ठेवायची, अगदी वरून बघायचं आणि आलेखकागदावर दगडन्‌दगड उतरवायचा. एक मीटर म्हणजे कागदावर पाच सेंटिमीटर. उभं राहून चित्र काढायला लागलं की पाठ धरते, वाऱ्यानं कागद फडफडतो आणि ऑर्कनीत पाऊस कधी सांगून येत नाही. पण चित्र काढणाऱ्याच्या लक्षात येतं की हा दगड त्या दगडाखाली गेला आहे, म्हणजे हा आधी. कॅमेऱ्याला ते टिपता येतं, पण ते ठरवावं माणसालाच लागतं.

आता लेसर आले आहेत. २०१० मध्ये ‘स्कॉटिश टेन’ या प्रकल्पात ऑर्कनीच्या नवाश्मयुगीन वारसास्थळांचं त्रिमितीय अंकन झालं. १९९९ पासून ही स्थळं युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहेत. कोट्यवधी बिंदूंनी भिंतीचा हर खड्डा, हर उंचवटा पकडला गेला. याच प्रकल्पात स्कॉटलंडबाहेरच्या पाच जागा होत्या आणि त्यांपैकी एक आपल्या शेजारची, गुजरातेत पाटणची रानी की वाव. ऑर्कनीतल्या बुटक्या बोळात लेसरचं यंत्र लावणाऱ्या प्रकल्पानंच पुढे त्या सात मजली बारवेच्या मूर्तींवर लेसर फिरवला. शंभराच्या नोटेवर आज त्याच बारवेचं चित्र आहे.

प्रती जितक्या आणि जितक्या ठिकाणी तितकं बरं, हा धडा अजिंठ्यानं फार महागात शिकवला. चित्रकार रॉबर्ट गिल यांनी अनेक वर्षं खपून लेण्यांतल्या चित्रांच्या मोठ्या तैलनकला केल्या. त्यांतल्या बहुतेक १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या. मग जॉन ग्रिफिथ्स आणि मुंबईच्या जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांनी पुन्हा नकला केल्या. त्यांतल्या पुष्कळशा १८८५ मध्ये लंडनमध्येच दुसऱ्या आगीत जळाल्या. मधल्या काळात मूळ चित्रांचेही पापुद्रे सुटत राहिले.

महाराष्ट्राचं आणि या बेटांचं आणखी एक जुनं, कागदोपत्री नातं आहे. मेसहाऊ फोडलं गेलं त्याच दशकात मध्य प्रांत-वऱ्हाडात रिव्हेट-कार्नॅक नावाचे कापूस आयुक्त गावोगाव फिरत होते. नागपूरजवळ, काटोल रस्त्यावर जुनापाणीला त्यांना दगडांची वर्तुळं दिसली, शेकड्यांनी. १८६७ मध्ये त्यांनी काही उकरली. वर्तुळातल्या काही दगडांवर वाटीसारखे लहान खळगे ओळीनं कोरलेले होते. त्याच वर्षी एडिंबरोच्या डॉ. जेम्स सिम्प्सन यांचं स्कॉटलंडमधल्या अशाच खळग्यांवरचं सचित्र पुस्तक बाहेर आलं होतं. कार्नॅक यांनी दोन्ही चित्रं ताडून पाहिली आणि साम्य बघून ते चकित झाले. त्यांना वाटलं, हे एकाच वंशाचं काम असावं. तो तर्क टिकला नाही. विदर्भातली वर्तुळं लोहयुगातली, म्हणजे मेसहाऊनंतर जवळपास दोन हजार वर्षांनंतरची. दगडात खळगा कोरायला दोन माणसांची ओळख असावी लागत नाही. पण कार्नॅक यांची चित्रं, मापं आणि जागांची नावं आजही कामाला येतात.

नंतर जुनापाणीला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या बी. के. थापर यांनी १९६१-६२ मध्ये शास्त्रशुद्ध खणती केली. माहुरझरीला शां. भा. देव यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला केली. माहुरझरीत घोड्याच्या तोंडावर चढवलेला तांब्याचा साज मिळाला. एका घोड्याला मेल्यावरही सजवून मातीत ठेवलं होतं. ही गोष्ट आपल्याला कळते, कारण साज कवटीवर नेमका कसा बसला होता हे हलवण्याआधी कुणीतरी पाहून लिहून ठेवलं. साज एकीकडे आणि हाडं दुसरीकडे गेली असती तर उरलं असतं फक्त तांब्याचं भंगार. विदर्भातली किती वर्तुळं आज रस्त्याच्या खडीत, बांधाच्या दगडांत आणि नव्या प्लॉटच्या पायात गेली आहेत! जी आहेत त्यांची मोजणी एखादा शाळामास्तर, एखादा महाविद्यालयीन गट सुट्टीच्या दिवशी करू शकतो. टेप, होकायंत्र, मोबाइलमधला नकाशा आणि एक जाड वही पुरते. वर्तुळाचा व्यास, दगडांची संख्या, खळग्यांची जागा, शेताचा गट क्रमांक, तारीख. खणायचं मुळीच नाही.

एवढ्याशा नोंदीचं पुढे काय होतं, ते ऑर्कनीतच पाहायला मिळालं. मेनलँडच्या पूर्व भागात होम नावाचा परिसर आहे. तिथल्या एका शेतातलं मोठं थडगं सव्वादोनशे वर्षांपूर्वीच्या आसपास शेतघराच्या बांधकामासाठी मोडून नेलं गेलं. त्याची कसलीच नोंद झाली नाही. १८९६ मध्ये शेतकऱ्याच्या मुलानं त्या जागी खणलं. थोडी भिंत दिसली, एक दगडी गदेचं डोकं, एक दगडी गोळा आणि आठ सांगाडे मिळाले. ऑर्कनीतले एक पुराणवस्तुप्रेमी जेम्स कर्सिटर यांनी त्याची हकीकत स्थानिक वर्तमानपत्रात दिली. मग खड्डा बुजला, नांगर फिरला, गवत उगवलं, आणि शंभराहून अधिक वर्षं तिथे नुसतं शेत होतं.

स्कॉटलंडच्या राष्ट्रीय संग्रहालयाचे ह्यूगो अँडरसन-व्हायमार्क आणि कार्डिफ विद्यापीठाच्या विकी कमिंग्ज यांनी ती जुनी बातमी गाठली आणि तिच्या आधारानं शेत शोधलं. २०२१ मध्ये जमिनीला हात न लावता यंत्रानं पाहणी झाली. २०२३ च्या उन्हाळ्यात तीन आठवडे खणती. पंधरा मीटरहून मोठ्या व्यासाची रास, सात मीटरचा बोळ, मधलं दालन आणि भोवती सहा खोल्या : मेसहाऊच्याच घडणीचं थडगं. एका न मोडलेल्या खोलीत चौदा सांगाडे होते, पुरुष, स्त्रिया, मुलं, हाडं जिथल्या तिथे. दोघं एकमेकांना मिठीत घेतल्यासारखी पडलेली आणि त्यांच्या डोक्यांवर दोन लहान मुलांचे अवशेष ठेवलेले. या वेळी एकही हाड जागेवरून हलण्याआधी त्याचा फोटो निघाला, त्याला क्रमांक मिळाला. १८९६ च्या बातमीतले सांगाडे आठ होते. २०२३ च्या वहीत त्यांच्या पुढे आणखी चौदा लिहिले गेले.